गाय आधी ओळखली

थॉर्नक्लफ लोकगीत मंडळानं मला तहहयात हाकलून दिलं, आणि तेही उभ्याउभ्या, जिन्यात ठराव करून.

पण ते जाऊ द्या. तसं काही झालंच नाही. ठरावात नाव होतं मिस्टर हेरिंग. हेरिंग हा त्या बाजूच्या समुद्रात मिळणारा मासा आहे. माझं नाव हेरंब तांबवेकर, राहणार मिरज. म्हणजे ज्याला हाकललं तो मी नव्हे, आणि जो मी आहे तो त्या संध्याकाळी तिथं नव्हताच. तेव्हा आपण दुपारपासून सुरुवात करू.

दुपारी स्वयंपाकघरात बाई गात होत्या आणि मी बटाटे सोलत होतो.

"दारातून तिनं पाहिलं, धुक्यात दोन सावल्या," बाई गात होत्या. "तिनं गाय आधी ओळखली..."

आणि थांबल्या.

मी सोलणं थांबवलं. नळ ठिबकत होता. बाईंचं तोंड उघडंच होतं, गळ्यातली शीर ताणलेली. पुढची ओळ त्यांना पाठ होती, मला पाठ होती, एव्हाना बटाट्यांनाही पाठ झाली असावी.

"मग तिनं नवरा ओळखला," मी हळूच म्हणालो.

"माहितेय मला."

"हो, पण तुम्ही..."

"माहितेय मला, हेरंब. ओळ इथपर्यंत येते." त्यांनी गळ्याच्या खळगीत बोट ठेवलं. "इथं येऊन उभी राहते. बाहेर पडत नाही."

"पाणी देऊ?"

"पाण्यानं येत असती तर मी नदीत जाऊन उभी राहिले असते, लव्ह."

यॉर्कशायरमध्ये सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. बस कंडक्टर म्हणतो, दंड ठोकणारा पोलीसही म्हणतो. पहिल्या आठवड्यात माझे बरेच गैरसमज झाले होते.

बाई म्हणजे नोरा हेबलथ्वेट. इचलकरंजीत कापडाचं शिक्षण संपवून मी पुढचं शिकायला तिकडे गेलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. 'मिसेस हेबलथ्वेट' असं एका दमात म्हणणं मला जमेना, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'नोरा' म्हणायला जीभ वळेना. म्हणून मी 'बाई' म्हणू लागलो. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, आमच्याकडे गाणारीला बाई म्हणतात, शाळेत शिकवणारीला म्हणतात, भांडी घासायला येते तिला म्हणतात, आणि नुसती बाई असली तरी म्हणतात. त्या म्हणाल्या, "शिकवणं सोडलं तर बाकी सगळं करून झालंय. चालेल."

पंधराव्या वर्षी त्या गिरणीत मागावर लागल्या. शेजारच्या मागावर त्यांची मावशी होती. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतल्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या. मावशी काम करता करता गायची आणि नोरा ओठ वाचून शब्द शिकायची. चाल कळायची ती रविवारी, गिरणी बंद असताना. "शब्द आधी आणि सूर सुट्टीच्या दिवशी," असं त्या म्हणत. गायीचं गाणं तसंच आलेलं. पुढे लोकगीतांचे क्लब निघाले, पबांच्या माडीवर लोक जुनी गाणी ऐकायला जमू लागले, आणि बाईंनी गिरणी सोडली. मग आयुष्यभर एक व्हॅन, गावोगावच्या माड्या, चार-पाच रेकॉर्डी. व्हॅन त्यांचे यजमान विल्फ चालवायचे. विल्फ गात नसत. सामान उचलायचं, दाराशी रेकॉर्डी विकायच्या, आणि गाणं सुरू झालं की पहिल्या रांगेत उजवीकडच्या कडेच्या खुर्चीत बसायचं, एवढंच त्यांचं काम.

सात वर्षांपूर्वी विल्फ वारले. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात, थॉर्नक्लफच्या माडीवर, बाई गायीपाशी येऊन अडकल्या. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मंडळाच्या सचिवांनी सभ्यपणे सोडत काढायला घेतली. तिकडे प्रत्येक कार्यक्रमात तिकिटांची सोडत असते आणि बक्षीस म्हणून खाटकाकडचा मांसाचा ट्रे असतो. बाई तशाच उभ्या होत्या, ओळ गळ्यात, आणि सचिव पुकारत होते, "गुलाबी तिकीट, चॉप्स आणि सॉसेज, गुलाबी तिकीट कुणाकडे आहे?"

त्यानंतर बाई लोकांपुढे गायल्या नाहीत.

आणि आता एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला त्यांची शेवटची रेकॉर्ड हवी होती. प्रेक्षकांसमोर, त्याच माडीवर. कंपनीची अट एकच होती, गायीचं गाणं पुरं हवं. ते गाणं पुरं येणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"आज अडकले तर संपलं," बाई म्हणाल्या. त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण मी अर्धा बटाटा सालीबरोबर टाकत होतो. "मग घरातसुद्धा गायचं नाही. आणि तू दुसरी खोली बघ."

"मी काय केलं?"

"काही नाही. पण दोनदा अडकताना ज्यानं पाहिलं त्याच्यासमोर मला रोज टोस्ट खाता येणार नाही."

हे न्याय्य वाटलं. भीतीही वाटली, कारण त्या भाड्यात दुसरी खोली मिळाली नसती आणि दुसऱ्या बाई तर नाहीच.

मी माझ्या परीनं अभ्यास केला होता. त्यांच्या जुन्या रेकॉर्डींवर ते गाणं दोनदा आहे. दोन्ही मी कितीतरी वेळा ऐकली. 'गाय आधी ओळखली' म्हटल्यावर तिथं एक छोटी पोकळी येते, मग 'मग तिनं नवरा ओळखला'. पोकळी श्वासापेक्षा थोडी मोठी होती आणि विलक्षण स्वच्छ होती. बाकीच्या गाण्यात कुठं खुर्ची करकरते, कुठं रस्त्यावरून लॉरी जाते. त्या पोकळीत काहीच नव्हतं, फरशी पुसून घ्यावी तसं. मी ठरवलं, बाई तिथं विशेष काळजीनं श्वास घेत असणार. तसा अहवालही त्यांना दिला.

"श्वास," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "हो. तसंच असेल."

संध्याकाळी व्हॅन मी चालवली. उन्हाळा असल्यामुळे ऊन अजून टेकडीवर होतं. बाईंनी निळा कोट घातला होता आणि हातमोजे काढून पुन्हा घालायचा उद्योग चालवला होता.

"तुमच्याकडे लोक गाणं कसं ऐकतात?" त्यांनी एकदम विचारलं.

"मोठ्यानं."

"म्हणजे?"

"जागा आवडली की 'वा' म्हणतात. मांडीवर थाप मारतात. माझे काका तर जागा यायच्या आधीच 'वा' म्हणून मोकळे होतात, मग गाणाऱ्याला ती घ्यावीच लागते."

"गाणं चालू असताना?"

"बंद असताना म्हणून काय उपयोग?"

बाईंनी यावर विचार केला. "आणि गाणारा रागावत नाही?"

"उलट. तीच ओळ परत घेतो, वेगळ्या अंगानं. परत 'वा' आली की परत. एक-एक ओळ पाव-पाव तास चालते."

"आणि गोष्ट? तेवढा वेळ गाय काय करते?"

"थांबते. आमच्याकडच्या गायींना सवय आहे."

त्या हसल्या नाहीत. हातमोजा मात्र एकदाचा हातात राहिला. "तेरा वर्षं चाललीय ती," त्या म्हणाल्या. "आणखी थोडी थांबेल म्हणा."

इथं गाण्याची गोष्ट सांगायला हवी. एक विणकर गाय विकायला बाजारात जातो आणि तेरा वर्षांनी परत येतो. गाय तीच. विकली नाही. वीस-बावीस कडवी तो कुठं कुठं हिंडतो, राजाशी बोलतो, तुरुंगात जातो, गाय सगळीकडे बरोबर. मी एकदा विचारलं होतं, तेरा वर्षांनी ती गाय जिवंत कशी. बाई म्हणाल्या, "गाणं आहे ते, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला नाही."

पबचं नाव होतं 'आंधळा मेंढा'. माडीच्या दारात सिरिल ऑल्डरॉइड उभे होते. हेच मंडळाचे सचिव. निवृत्त दंतवैद्य. लोकांनी तोंड उघडावं पण आवाज करू नये, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

"नोरा," ते म्हणाले. "बरी दिसतेस. मिस्टर हेरिंग, तुमचे बूट वाजतात."

"मी अजून चाललो नाही."

"जिन्यात चाललात. आज रेकॉर्डिंग आहे. काढा."

मी बूट काढून दाराशी ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, सगळं बिघडलं ते इथं. दाराबाहेर चपला काढून गाण्याला बसलं की मिरजेच्या माणसाच्या पायांना वाटतं आपण मिरजेत आहोत. पायांनी ते वर कळवलं असणार.

खोली भरली होती. कोपऱ्यात कंपनीचा ग्रॅहम कानांवर भलेमोठे हेडफोन लावून यंत्रापाशी बसला होता. पहिल्या रांगेत उजवीकडची कडेची खुर्ची रिकामी होती. खोलीत लोक भिंतीला टेकून उभे होते, तरी ती रिकामी होती. बाईंनी माझ्याकडे पाहून तिकडे बोट केलं.

"नोरा, ती खुर्ची..." सिरिल म्हणाले.

"खुर्ची बसण्यासाठी असते, सिरिल. बस रे."

मी बसलो. मागं कुणीतरी नाकानं श्वास घेतला.

सिरिलनी नियम वाचले. गाणं सुरू असताना दार उघडणार नाही. ग्लास टेबलावर ठेवायचा नाही, हातात धरायचा. धृपद आलं की सर्वांनी म्हणायचं, कडवं चालू असताना कुणीही काहीही म्हणायचं नाही. "आणि ज्यांना खोकला येणार आहे त्यांनी आत्ताच खाली जाऊन खोकून यावं." चार जण खरंच उठून गेले. खालून बराच वेळ खोकण्याचा आवाज आला. मग ते हलके होऊन परत आले.

पहिली सगळी गाणी उत्तम झाली. आवाज म्हातारा होता, पण जुन्या कात्रीसारखा, कापायचं तिथं बरोबर कापणारा. दोन गाण्यांच्या मध्ये बाई पाणी पीत आणि माझ्याकडे पाहत नसत. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. डावा हात कोटाच्या बटणावर होता आणि प्रत्येक गाण्यानंतर बटण थोडं जास्त पिळलं जात होतं.

मग सिरिल उठले.

"आता शेवटचं गाणं, गायीचं. त्यानंतर सोडत." ते थांबले. "किंवा गरज पडल्यास थोडी आधी." ते परत बसले, बाईंच्या डाव्या हाताला, आणि तिकिटांची कापडी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं.

विणकर निघाला. बाजार गाठला. लोक धृपदाला मिळत होते, 'चल गं ढवळे, लांब घर', खोलीच्या फळ्या त्या आवाजानं थरथरत होत्या. कडवं आलं की पुन्हा चिडीचूप. राजाचं झालं. तुरुंगाचं झालं. मी मांडीवर बोटांनी कडवी मोजत होतो. बाईंचा आवाज प्रत्येक कडव्याला थोडा वर सरकत होता, आणि तसतसं बटण पिळलं जात होतं. परतीचा रस्ता. नदी. टेकडी. धुकं.

"दारातून तिनं पाहिलं, धुक्यात दोन सावल्या.

तिनं गाय आधी ओळखली..."

आणि थांबल्या.

ग्रॅहमनं मान वर केली. बाईंचे डोळे उघडले होते आणि ते कुणाकडेही पाहत नव्हते. तोंड उघडं. तीच शीर. बटण तुटून खाली पडलं आणि फळीवरून घरंगळत गेलं. एवढ्या शांततेत ते बटण चाक गेल्यासारखं ऐकू आलं. कुणीच हललं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर रुग्णालयात भेटायला आलेल्या माणसांची ती समजूतदार कळा आली, आणि मला कळलं की ही माणसं आता फार दयाळूपणे वागणार आहेत.

सिरिलचा हात पिशवीत गेला. आत कागद खसखसले.

"वा," मी म्हणालो.

मी ठरवून म्हणालो नाही. हलक्या आवाजात म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण 'वा' हलकं म्हणायचं शिक्षण मला नाही. ते माझ्या काकांच्या मापाचं निघालं, मिरजेत शेवटच्या रांगेतून रंगमंचापर्यंत पोहोचणारं.

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. ग्रॅहमनं हेडफोन कानांवरून उपटले. सिरिलचा हात पिशवीतच राहिला.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या.

"तिनं गाय आधी ओळखली," त्यांनी परत घेतली. या वेळी 'आधी' लांबवलं, थोडं खाली उतरवून. आणि पुन्हा तिथंच येऊन थांबल्या. तोंड उघडं. शीर.

"वा," मी म्हणालो. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

"हेरिंग," सिरिल दातांतून म्हणाले.

"तिनं गाय... आधी ओळखली." आता ती ओळ वेगळीच झाली होती. आधी वाटायचं, काय ही बाई, नवऱ्याच्या आधी गाय ओळखते. आता वाटलं, हिला नवरा ओळखायचाच नाहीये. ओळखला तर तेरा वर्षं खरी होतील. म्हणून ती गायीकडेच पाहत उभी आहे. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं ग्लास टेबलावर ठेवला. नियमाविरुद्ध, आणि चांगला वाजला. कुणाला भान नव्हतं.

आणि बाई पुन्हा थांबल्या.

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. 'वा' येईना. घसा वाळून कोरडा ठक्क झाला होता. बाईंचे डोळे माझ्यावर. सिरिल उठून उभे राहिलेले. हातात गुलाबी तिकीट. काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि घशात होतं ते सगळं गोळा करून मी दिलं.

मी खाकरलो.

खोकलो नाही. खाकरलो. आमचे आजोबा बाहेरून आले की उंबऱ्याशी उभे राहून खाकरायचे, तसं. आत बायका असायच्या, पदर नीट करायच्या, चहाचं आधण ठेवायच्या. कुणाला दाराकडे बघायची गरज नसायची.

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला.

"मग तिनं नवरा ओळखला," त्या गायल्या.

साध्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं. पुढचं कडवं त्याच श्वासात आलं, आणि त्यापुढचं, आणि शेवटचं धृपद म्हणताना खोली अशी गरजली की खाली पबमध्ये कुणीतरी छताला झाडूनं ठोकलं.

त्यानंतर जिन्यात मंडळाची बैठक झाली. मी मोज्यांवर, माझे बूट सिरिलच्या हातात, सभासद खालच्या पायऱ्यांवर उभे.

"तीन आवाज," सिरिल म्हणाले. "कडव्याच्या मध्ये. रेकॉर्डिंग चालू असताना. त्यांतला एक खोकला."

"खाकरणं," मी म्हणालो.

"काय फरक आहे?"

"खोकला येतो. खाकरणं करतात."

"म्हणजे तुम्ही ते केलंत, असं कबूल करता." त्यांनी सभासदांकडे पाहिलं. हात वर झाले. काही हात वर गेल्यावर लाजल्यासारखे कानामागं खाजवू लागले, पण ठराव संमत झाला. मिस्टर हेरिंग यांना तहहयात.

"मी तुमचा सभासद नाही, सिरिल. नसलेल्याला कसं काढता?"

"ते पुढच्या बैठकीत ठरवू," ते म्हणाले आणि बूट माझ्या हातात दिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि तो पुसून होईना.

बाई व्हॅनमध्ये बसून होत्या. मांडीवर मांसाचा ट्रे होता. सोडत त्यांनाच लागली होती. ती कशी लागली हे मी कधी विचारलं नाही.

ऊन उतरलं होतं. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"काढलं मला," मी म्हणालो.

"विल्फला तीनदा काढलं होतं," त्या म्हणाल्या. "वेगवेगळ्या क्लबांतून."

"ते काय करायचे?"

त्यांनी ट्रेवरचा कागद नीट केला.

"तिथं खाकरायचा. त्याच ओळीला. पहिल्या दिवशी खरंच घशात काही अडकलं होतं, पण ते नेमकं त्या जागी आलं आणि मला हसू फुटलं आणि पुढची ओळ हसतच निघाली. मग दर वेळी. मी म्हणायचे, गाय ओळखली. तो म्हणायचा, हं, आणि मीसुद्धा आलोय. कुणाला कळायचं नाही. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला दम्याचा त्रास आहे."

"पण रेकॉर्डींवर..."

"कापायचे ते. प्रत्येक वेळी. टेप ब्लेडनं कापून, मध्ये कोरा तुकडा जोडून, फार सफाईनं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "तू म्हणालास ना, श्वास आहे. तो विल्फ आहे."

मी किल्लीवरचा हात काढला.

"मला वाटलं होतं मी शब्द विसरतेय," त्या म्हणाल्या. "सात वर्षं मला वाटत होतं मी ओळ विसरतेय. मी थांबत होते रे. त्याची वाट बघत."

मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल. सॉसेज खराब होतील."

रेकॉर्ड हिवाळ्यात आली. आम्ही न्याहारीला बसलो असताना लावली. ग्रॅहमनं काम चोख केलं होतं. दोन जास्तीच्या ओळी गेल्या होत्या, दोन्ही 'वा' गेले होते, आणि 'गाय आधी ओळखली' नंतर तीच जुनी पोकळी होती, नवी फरशी, पुसलेली. बाईंनी टोस्ट हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

मी खाकरलो.

"मग तिनं नवरा ओळखला," रेकॉर्ड म्हणाली. बाईंनी टोस्टचा घास घेतला. मी तिथं होतो तोवर हे असंच चाललं. दुसरी खोली शोधावी लागली नाही.

पुढे मी परत आलो, सूतगिरणीत लागलो. बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. 'आंधळा मेंढा' विकला गेला आणि तिथं बाथरूमच्या फरशांचं दुकान आलं. सिरिल बाईंच्या आधी गेले. मंडळ त्यांच्याबरोबरच बसलं, कारण नियमांचा कागद आणि सोडतीची पिशवी त्यांच्याच घरी होती. कंपनी कुणीतरी घेतली, त्यांना आणखी कुणी घेतलं. गाणं आता फोनवर कुणालाही ऐकता येतं. मीही ऐकतो, गिरणीत जेवणाच्या सुट्टीत. माझे सहकारी विचारतात, तांबवेकर, रोज त्याच ठिकाणी तुमचा घसा कसा काय धरतो.

म्हणून मी पुढील विनंती रीतसर करून ठेवत आहे.

प्रति, सचिव, थॉर्नक्लफ लोकगीत मंडळ, तसेच सदर रेकॉर्डचे हक्क सध्या ज्यांच्याकडे असतील ते.

विषय: आवाज परत ठेवण्याबाबत.

वरील विषयास अनुसरून, खाली सही करणाऱ्यास मागील तारखेपासून एका संध्याकाळपुरते मंडळाचे सभासद करून घ्यावे, जेणेकरून त्याची हकालपट्टी नियमित होईल. ठरावात 'हेरिंग' असे आहे तेथे 'हेरंब' असे वाचावे. त्याचे दोन 'वा' हे उत्स्फूर्त असल्याने त्यांवर त्याचा कोणताही दावा नाही. तथापि नोरा हेबलथ्वेट यांच्या सर्व रेकॉर्डींमध्ये 'गाय आधी ओळखली' या ओळीनंतर जी जागा रिकामी दिसते ती रिकामी नसून तेथे श्री. विल्फ हेबलथ्वेट उभे आहेत, याची नोंद घेण्यात यावी, आणि त्यांना तातडीने आत घेण्यात यावे.